चौदा पावलांवर माठ

नागपुरात उन्हाळा आभाळातून येत नाही, माळ्यावरून उतरतो. मार्च संपता संपता एका रविवारी मी स्टुलावर चढतो, बायको मंगला स्टूल धरते आणि आम्ही दोघं मिळून पत्र्याचा छोटा कूलर खाली आणतो. त्यात दरवर्षी माझं एखादं बोट कापतं. आता तर मंगला पट्टी आधीच फाडून टेबलावर ठेवते. मग जुन्या ताट्या काढायच्या, गेल्या सालची धूळ नाकात घ्यायची, नवा वाळा भरायचा, टाकीत बादलीने पाणी ओतायचं. बटण दाबलं की कूलर आधी खोकतो, थोडं पाणी अंगावर उडवतो आणि मग ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरतो. त्या वासाने माणसाला वाटतं, चला, हाही उन्हाळा निघेल. मला मात्र गेली सात वर्षं त्या वासात एक कपाळ दिसतं. उजव्या भुवईच्या वर फाटलेलं, बारा वर्षांच्या मुलीचं.

ती माझी भाची, समीक्षा. त्या उन्हाळ्यात मी एक कादंबरी लिहीत होतो. अद्भुत शक्ती असलेल्या मुलांची. आणि मी ती लिहीत असताना, माझ्यासमोर बसून, या मुलीची नजर हळूहळू जात होती. ते मला कळलं नाही. इथवर समजण्यासारखं आहे, अनेकांना अनेक गोष्टी कळत नाहीत. पण मी पुढची पायरी गाठली. या मुलीला अंधारात दिसतं, असं मी लिहून काढलं. वर गल्लीतल्या लोकांना बोलावून वाचून दाखवलं.

मी एका शाळेत मराठी शिकवतो. वीस वर्षं निबंध तपासले की माणसाला वाटायला लागतं, आपणही काहीतरी लिहावं. शिवाय आमच्या वर्गातल्या पोरांना परदेशी जादूची पुस्तकं वाचताना पाहून माझा स्वाभिमान दुखावला होता. म्हटलं, आपल्या पोट्ट्यांना काय कमी आहे. कादंबरीचं नाव ठेवलं, 'सात पोट्टे, एक बुरूज'. उमरेडच्या वाटेवर एक पडका बुरूज, तिथे एक गुरुजी वेगवेगळ्या शक्तींची सात मुलं गोळा करतात. एका मुलाच्या शिंकेने पंखे बंद पडायचे. एक भिंतीला जीभ लावून उद्याचं तापमान सांगायचा. एकीला मुंग्यांची भांडणं ऐकू यायची. गुरुजी दिसायला थेट माझ्यासारखे होते, फक्त त्यांना केस होते. सहा मुलं जमली आणि सातवी काही केल्या सुचेना. तेवढ्यात मे महिना लागला आणि माझी धाकटी बहीण नंदा हिने पोरीला सुट्टीसाठी उमरेडहून आमच्याकडे पाठवलं.

लेखकाच्या घरी समीक्षा नावाची भाची राहायला येणं हा इशाराच होता. पण मी तेव्हा इशारे ओळखण्याच्या नाही, पात्रं शोधण्याच्या मनःस्थितीत होतो.

मे महिन्यात आमच्याकडे अकरा वाजले की दिवस मिटवून ठेवतात. दारं लावायची, खिडक्यांवर जुनी घोंगडी टाकायची, पडदे ओढायचे. भर दुपारी घरात काळोख. बाहेरून कोणी आलं की डोळ्यांत ऊन घेऊन येतं, त्याला पाच मिनिटं काही दिसत नाही. भिंत चाचपडायची, कोणाच्या तरी पायावर पाय द्यायचा, 'कोण आहे रे इथं' म्हणायचं. मे महिन्यात आमचं सगळं शहर घरात शिरताना ठेचकाळतं, त्यामुळे एखादी मुलगी जरा जास्त ठेचकाळली तर कोणाच्या लक्षात येणार? आणि पहिले दोन-तीन दिवस सोडले तर ती ठेचकाळलीही नाही. आम्ही सगळे चाचपडत असताना ती एकटी सरळ चालायची.

एका दुपारी लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. घरात बोट दिसेना. माझे वडील तक्क्याला टेकून म्हणाले, "कोणी पाणी द्या गा." मी उठलो आणि टीपॉयवर गुडघा आपटून परत बसलो. तेवढ्यात समीक्षाचा आवाज आला, "घ्या, आबाजी." ग्लास बाबांच्या हातात. एक थेंब सांडला नव्हता.

"तुले दिसलं कसं वं?" मी गुडघा चोळत विचारलं.

ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दिसते मले."

नंतर कळलं ते असं. पहिल्या दोन-तीन दिवसांतच तिने मोजून ठेवलं होतं. दिवाणापासून माठ चौदा पावलांवर. चौदा सरळ, मग डावा हात पुढे. मोरीला एकवीस. माझ्या टेबलापाशी अकरा, आणि तिथून वाकडं, कारण मी खुर्ची कधीच आत सारत नाही. अख्खं घर तिने पाठ केलं होतं, कविता पाठ करतात तसं. मी मराठीचा मास्तर. पाठांतर आणि समज यांतला फरक मुलांच्या उत्तरात मला पहिल्या ओळीत कळतो. इथे कळला नाही. मी त्याच दुपारी, लाइट यायच्या आत, मेणबत्ती लावून वहीत लिहिलं: 'सातवी मिळाली. नाव काजळ. अंधारात दिसतं.'

पुढचे दोन आठवडे मी वही घेऊन तिच्या मागे फिरलो. एक चांगला लेखक निरीक्षण करतो म्हणे. ती वही अजून आहे माझ्याकडे. त्यात काय काय आहे ते सांगतो. बाजूने चेंडू आला तर बघत नाही, 'स्वतःच्या तंद्रीत असते'. दिवेलागणीला बाकीच्या पोरी अंगणात खेळतात, ही आत येऊन बसते, 'संध्याकाळ तिला उदास करते'. पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखते, 'कान तीक्ष्ण'. जिन्यावर नेहमी कठड्याला हात लावून उतरते, 'राजकन्येची चाल'. ताटात समोरचं तेवढं खाते, डावीकडचं लोणचं तसंच राहतं. इथे मंगलाचं म्हणणं कंसात दिलं आहे: 'हिले लोणचं आवडत नाही.' तिला लोणचं फार आवडायचं. ताटात ते वाढलं आहे हेच तिला दिसत नव्हतं. कोणत्याही डॉक्टरला हेवा वाटेल अशी नोंद मी ठेवली होती, एकेक लक्षण तारीखवार, सुवाच्य अक्षरात. फक्त वर शीर्षक होतं, 'काजळच्या शक्ती'.

यात मी एकटा नव्हतो, असं म्हणून थोडं ओझं बाबांकडे सरकवतो. आम्ही विणकरांच्या घरातले. बाबांनी हयातभर हातमाग चालवला. मग माग गेले, मी मास्तर झालो, नंदाच्या नवऱ्याने उमरेडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. आपला हात आपल्याबरोबर संपणार हे दुःख बाबा कधी बोलून दाखवायचे नाहीत. पण त्यांची एक सवय होती. घरात कोणतंही लुगडं आलं की डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचे आणि कुठे धागा तुटून पुन्हा जोडला आहे ते सांगायचे. मागावर बसणारी माणसं ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, असाच हात फिरवतात, तुटका धागा डोळ्याच्या आधी हाताला कळतो. त्या उन्हाळ्यात त्यांनी समीक्षाच्या हातात माझ्या आईचं जुनं लुगडं दिलं. तिने बोटं फिरवली आणि म्हणाली, "इथं गाठ आहे, आबाजी. अन् इथं." बाबांनी चष्मा लावून पाहिलं. खरंच होत्या, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक.

बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग मला म्हणाले, "पाह्य. तुह्या हातात नाही आलं, नंदाच्या नाही आलं. ह्या पोट्टीच्या बोटाले डोळे आहेत."

आमच्या घरात याहून मोठा पुरस्कार नाही. रोज दुपारी आजोबा आणि नात लुगडी काढून बसायचे. तिची बोटं इतकी हुशार का झाली, हा प्रश्न कोणाला पडला नाही. ज्या गोष्टीची आपण चाळीस वर्षं वाट पाहत असतो, ती दारात आली की तिला कोणी 'कुठून आलीस' म्हणून विचारत नाही.

शेवटी नवतपा लागला, मे अखेरचे ते नऊ दिवस, जेव्हा नळाचं पाणीही चहासाठी थोडंसंच कमी गरम असतं. माझी अकरा प्रकरणं झाली होती. म्हटलं, वाचन ठेवू. गल्लीतली दहा-बारा पोरं, दोघी-तिघी आया, समोरचे निवृत्त पोस्टमास्तर. भर दुपारी, दारं बंद. एवढ्या लोकांना वारा लागावा म्हणून मी स्वतः कूलर आतल्या खोलीतून ओढून बैठकीच्या मधोमध आणून ठेवला. हे लक्षात असू द्या, मी स्वतः.

आणि मला नाटक सुचलं. काजळच्या प्रकरणाला आलो की मेन स्विच बंद करायचा. मिट्ट काळोखात खरीखुरी काजळ आतून येईल, चालत जाईल आणि माठातून पाणी घेऊन पोस्टमास्तरांना देईल. समीक्षाला मी आत दिवाणावर बसवलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं होतं. वहीत नोंदही आहे: 'शांत, गंभीर'.

तिने एवढंच विचारलं, "मामा, खुर्ची आत सारली का?"

"सारली न बेटा," मी म्हणालो. खुर्ची मी खरंच आत सारली होती.

मी खटका ओढला. कूलर थांबला. शांततेत तिची पावलं ऐकू आली, न अडखळता, एकसारखी. मी मनात मोजत होतो. नववं पाऊल पडलं आणि धाडकन पत्रा वाजला.

अंधारात लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचा भाग.

लाइट लावली तेव्हा ती कूलरसमोर बसली होती, भुवईवर हात, बोटांमधून रक्त मनगटापर्यंत आलेलं. रडत नव्हती. मला म्हणाली, "कूलर इथं नव्हता, मामा."

मी तिच्या कपाळावर रुमाल दाबत काय म्हणालो असेन? म्हणालो, "अंधारात तं कोणालेच दिसत नाही, बेटा." अकरा प्रकरणं लिहून झाल्यावर मला हे सुचलं.

"मले अंधारात कधीच दिसलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही खुश होऊन राहिले होते. म्हणून मी बोलली नाही."

टाके घालताना तिने पुढचं सांगितलं, अगदी हळू, जणू चुगली करत होती. बाजूचं दिसत नाही. खालचं दिसत नाही. संध्याकाळ झाली की सगळं राखेसारखं होतं. शाळेत फळा दिसतो, पण शेजारी कोण बसलंय ते मान वळवल्याशिवाय नाही. घरी सांगितलं नाही, कारण तिला वाटायचं सगळ्यांना असंच दिसत असेल, फक्त बाकीचे लोक जास्त हुशारीने सांभाळून घेतात.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला एका गोल यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. कुठे कुठे ठिपका दिसतो ते बटण दाबून सांगायचं. यंत्र चमकत राहिलं आणि तिचा अंगठा बराच वेळ हललाच नाही. ते पाहत मी आणि उमरेडहून आलेली नंदा भिंतीला लागून उभे होतो. मग डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा आतला पडदा कडेकडून विझत येतोय. हे जन्माबरोबर येतं. किती वर्षं घेईल सांगता येत नाही. याला औषध नाही.

मी विचारलं, "महिनाभर आधी आणलं असतं तर?"

"काही फरक पडला नसता," ते म्हणाले.

मला हायसं वाटलं. हे लिहायला मला सात वर्षं लागली. माझी बहीण शेजारी भिंतीला डोकं टेकून उभी होती, आणि मला, तिच्या भावाला, हायसं वाटलं.

डॉक्टरांनी विचारलं, "घराण्यात आणखी कोणाला?" आम्ही नाही म्हणालो. घरी येऊन हे सांगितल्यावर बाबा जेवले नाहीत. हात धुऊन तसेच बसून राहिले आणि मग त्यांच्या थोरल्या बहिणीबद्दल बोलायला लागले. माझी ती आत्या मी लहान असतानाच गेली. आमच्या नात्यात तिचं उदाहरण द्यायचे, दिवे लागले की पोरीनं उंबरा ओलांडला नाही कधी, अशी वळणाची. तिच्या वागणुकीवर खूश होऊन चांगल्या घरातून मागणी आली होती.

"वळण नव्हतं ते," बाबा म्हणाले. "तिले दिसतच नसन गा."

त्यानंतर त्यांनी लुगडी कपाटातून काढली नाहीत. मीही अकरा प्रकरणांना सुतळी बांधली आणि ती माळ्यावर टाकली.

सात वर्षांत काय झालं ते थोडक्यात. समीक्षा आता एकोणीस वर्षांची आहे. नागपुरात कॉलेजला आहे, आमच्याकडेच राहते. पिशवीत घडीची पांढरी काठी असते, ती काठी ती फार तर चौकात आल्यावर काढते. बाबा मागच्या वर्षी थंडीत गेले. समीक्षाचं वाचन आता सगळं मोबाइलवर चालतं, त्यातली यांत्रिक आवाजाची बाई धडाधड वाचून दाखवते. तिची समोरची नजर अजून आहे. पण ती कशी आहे हे तिने एकदा दाखवलं. कागदाची सुरळी केली, माझ्या डोळ्याला लावली आणि म्हणाली, "आता रस्ता ओलांडा, मामा." मी सुरळी काढून ठेवली. तिला ती काढून ठेवता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात कूलर उतरवताना तो गठ्ठा माझ्या डोक्यावर पडला. तिने उचलला, सुतळी चाचपली आणि काय आहे ते ओळखलं.

"हे संपवा," ती म्हणाली. "मले वाचायचं आहे. डोळ्यानं."

"मोबाइलवर टाकतो न. ती बाई वाचून दाखवन."

"हे माह्याबद्दल आहे. माह्याबद्दलचं मले त्या बाईकडून नाही ऐकायचं. अन् एक प्रकरण असं पाहिजे. काजळ गुरुजींना सांगते की मले दिसत नाही. मग गुरुजी काय म्हणतात ते लिहा."

"काय म्हणतील?"

"ते तुम्हाले माहीत. गुरुजी तुम्हीच आहा न."

मी कामाला लागलो, म्हणजे माझ्या पद्धतीने. जुनी अकरा प्रकरणं तिला वाचता यावीत म्हणून अक्षरं एवढी मोठी करून छापून आणली की एका पानावर चार ओळी. दुकानदाराने विचारलं, "फलक लावायचे का सर?" गठ्ठा दोन्ही हातांनी उचलावा लागत होता. ती पहिलं पान घेऊन गॅलरीत बसली, मान डावीकडून उजवीकडे फिरवत राहिली. मग हसायला लागली.

"मामा, मले भोकातून दिसते. अक्षर एवढं मोठं केलं तं भोकात अर्धंच मावते. बारीक काढा. ठळक, बारीक, अन् ओळ लहान."

सहा वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात तिच्यासोबत जाऊन मला हे माहीत नव्हतं. मी पुन्हा सगळं छापून आणलं. ओळीत पाच शब्द. ती रोज सकाळी आठच्या उजेडात गॅलरीत बसून पान-दोन पानं वाचायची. मध्येच हाक मारायची, "हे शिंकेचं चांगलं आहे." पावसाळ्यात ओळ चार शब्दांची झाली. दिवाळीनंतर तीन.

आणि मी बारावं प्रकरण लिहीत नव्हतो. काजळ बुरुजावर गुरुजींसमोर उभी राहते आणि म्हणते, 'मला दिसत नाही.' इथवर वर्षभरापूर्वीच आलो होतो. पुढची ओळ येत नव्हती. मी गुरुजींना रडवून पाहिलं, ते ढोंगी वाटलं. क्षमा मागायला लावली, ती त्यांच्याच सोयीची वाटली. एकदा त्यांच्याकडून जादूची वनस्पती आणवली आणि ते पान स्वतःच फाडलं. पण खरं कारण हे नव्हतंच. पुस्तक संपेपर्यंत हिला वाचावं लागेल. वाचायचं आहे तोवर डोळे थांबतील. पन्नाशीच्या मास्तराच्या डोक्यात हे असं बसलं होतं, आणि मी ते कोणाला बोललो नव्हतो. ती विचारायची, "झालं का?" मी म्हणायचो, "पेपर तपासून राहिलो, बेटा."

या वर्षी कूलर उतरवला, बोट कापलं, पट्टी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीतून उठून माझ्या टेबलापाशी आली आणि शेजारचा स्टूल ओढून बसली.

"मामा, अकरा प्रकरणं माझी तीनदा वाचून झाली. तुम्ही मुद्दाम लिहून नाही राहिले."

मी पेनाचं टोपण लावलं. काढलं.

"तुम्ही थांबले म्हणून ते थांबणार नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे सुटायला जागा नव्हती. "मागच्या साली पाच शब्द दिसत होते. आता दोन दिसते. तुम्ही पाच होते तेव्हा लिहिलं असतं तं मी भरभर वाचलं असतं."

म्हणजे डॉक्टरांनी सात वर्षांपूर्वी मला जी सूट दिली होती, ती या वेळी कोणी देणार नव्हतं. या वेळी फरक पडला होता.

"सुचत नाही, बेटा," मी म्हणालो. "ती सांगते, दिसत नाही म्हणून. पुढं गुरुजींनी काय म्हणावं, मले खरंच सुचत नाही."

"मग तेच लिहा."

मी कागद ओढला. ओळीत दोनच शब्द मावतील असं बारीक, ठळक, एकाखाली एक लिहिलं. तिने कागद माझ्या हाताखालून काढून घेतला, डोळ्यासमोर धरला आणि मान जराही न हलवता वाचला. मोठ्याने.

"गुरुजींना काही. सुचलं नाही."

कागद तिने तसाच डोळ्यासमोर धरून ठेवला. मी तिच्याकडे बघत होतो, ती कागदाकडे, आणि शेजारी बसलेला मी तिला दिसत नव्हतो.

मग तिने कागद परत माझ्यापुढे सरकवला.

"हं," ती म्हणाली. "पुढं."